धुऱ्यावरचा सातबारा

सातबारा हा शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण त्यात दोन वेगळे कागद आहेत. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाची; गाव नमुना बारा सांगतो तिच्यात यंदा काय पेरले. पहिल्या कागदाला खरेदी, वाटणी, वारस अशा प्रसंगीच हात लागतो. दुसरा दर हंगामाला नव्याने लिहावा लागतो, आणि तो खरा लिहायचा तर कोणीतरी वावरापर्यंत जायलाच हवे. अधिकार अभिलेखाच्या १९७१ च्या नियमांनी हे काम तलाठ्याकडे दिले. नागपूरकडे लोक आजही त्याला पटवारीच म्हणतात. पटवाऱ्याने शिवारात फिरायचे, उभे पीक डोळ्यांनी पाहायचे आणि बारा नंबरात नोंदवायचे, अशी रीत होती. मात्र एका पटवाऱ्याकडे गावे अनेक आणि खसरे असंख्य. त्यामुळे गेल्या वर्षीचा पेरा पाहून यंदाचा लिहिला जातो, ही तक्रारही त्या रीतीइतकीच जुनी.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ही रीत बदलली. टाटा ट्रस्टच्या साहाय्याने तयार झालेले ‘ई-पीक पाहणी’ हे अ‍ॅप राज्यभर लागू झाले आणि बारा नंबर लिहिण्याचे काम शेतकऱ्याच्या हाती आले. त्याने आपल्या वावरात उभे राहायचे, फोनवर पीक निवडायचे, क्षेत्र भरायचे, पिकाचे छायाचित्र काढायचे आणि सगळे पाठवून द्यायचे. कचेरीतल्या टेबलावरचे एक नित्याचे काम असे धुऱ्यावर जाऊन पोचले.

वरवर पाहता हा एका सरकारी योजनेचा तपशील आहे. पण संगणकशास्त्रात गेली तीस-पस्तीस वर्षे चाललेल्या एका मोठ्या प्रश्नाचे हे आपल्या घरचे उदाहरणही आहे. टेबलापाशी बसलेल्या माणसासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर टेबल सोडून रस्त्यावर, दुकानात, गाडीत, शेतात गेले की त्यात नेमके काय बदलावे लागते? पडदा लहान झाला म्हणून अक्षरे आटोपशीर केली, एवढ्याने भागते का? नागपूरला खेटून असलेल्या हिंगणा तालुक्यात या प्रश्नाची दोन टोके अगदी जवळजवळ पाहायला मिळतात. एका टोकाला औद्योगिक वसाहत, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि मेट्रोचे शेवटचे स्थानक; दुसऱ्या टोकाला पऱ्हाटी, सोयाबीन, तूर आणि संत्र्याच्या बागा.

दिसेनासा होणारा संगणक

१९९१ च्या सप्टेंबरमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्क वायझर यांचा एक लेख आला. वायझर कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करत. एकविसाव्या शतकातला संगणक कसा असेल, हा त्यांचा विषय होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, जे तंत्र खऱ्या अर्थाने आयुष्यात मुरते ते दिसेनासे होते. त्यांनी उदाहरण दिले ते लिपीचे. दुकानाच्या पाट्या, गोळ्यांची वेष्टने, बसवरची अक्षरे आपण वाचतो तेव्हा ‘मी आता वाचन करत आहे’ असे कोणाच्या मनात येत नाही. संगणकानेही असेच भोवतालात विरघळून जावे, असे त्यांना वाटे. या कल्पनेला त्यांनी जे नाव दिले त्याचा मराठीत ‘सर्वव्यापी संगणन’ असा अनुवाद करता येईल.

वायझर यांनी संगणकाच्या इतिहासाचे तीन टप्पे मांडले. आधी एक अजस्र यंत्र आणि ते वापरणारे अनेक जण. मग एक माणूस आणि त्याचा एक संगणक. आणि पुढे एका माणसाभोवती अनेक लहानमोठे संगणक. त्यांच्या प्रयोगशाळेत तीन मापांची यंत्रे घडवली गेली: तळहातात मावणारी, वहीएवढी आणि फळ्याएवढी. त्यातली पहिली दोन आज आपण फोन आणि टॅब्लेट म्हणून ओळखतो.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये केंब्रिज येथील ऑलिव्हेट्टीच्या प्रयोगशाळेत रॉय वॉन्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छातीवर लावायचा एक बिल्ला तयार केला. तो दर काही सेकंदांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात आपली ओळख सांगे आणि खोल्याखोल्यांतली ग्रहणयंत्रे ती टिपत. कोण कोणत्या खोलीत आहे हे त्यावरून कळे, आणि त्या माणसाला आलेला फोन जवळच्या यंत्रावर वळवता येई. १९९४ मध्ये बिल शिलिट, नॉर्मन अ‍ॅडम्स आणि वॉन्ट यांनी या अनुभवातून एक सूत्र मांडले: सॉफ्टवेअरला तीन गोष्टींची जाण हवी. माणूस कुठे आहे, कोणासोबत आहे आणि त्याच्या आसपास कोणती साधने आहेत. या गुणाला आपण ‘परिसरभान’ म्हणू.

बिल्ल्याच्या या कथेला पहिल्या दिवसापासून दोन बाजू आहेत. मी कुठे आहे हे यंत्राला कळले तर माझे एक काम वाचते. मी कुठे आहे हे यंत्राला कळले तर माझ्यावर नजरही ठेवता येते. माहिती तीच, उपयोग दोन. हा दुहेरीपणा लक्षात ठेवूनच पुढे जायला हवे, कारण धुऱ्यावर पोचल्यावर तोच कळीचा ठरतो.

जिथे भोवताल यंत्रासाठी बांधलेला असतो

हिंगणा मार्गावरचे लोकमान्य नगर स्थानक २८ जानेवारी २०२० रोजी सुरू झाले. सीताबर्डीहून येणारी अ‍ॅक्वा मार्गिका तिथे संपते. प्रत्यक्ष हिंगणा गावापर्यंत ती नेण्याचा समावेश डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या दुसऱ्या टप्प्यात आहे. या स्थानकात प्रवासी कार्ड फाटकाला लावतो, फाटक उघडते, तो आत जातो. कार्डात बॅटरी नसते. फाटकातल्या यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातूनच त्याच्या चिपला क्षणभरापुरती वीज मिळते, तेवढ्यात ओळख पटते आणि पुढचा हिशेब होतो. तिकीटघरातली खिडकी, सुटे पैसे, छापील तिकीट हे सगळे त्या एका स्पर्शात जिरून गेले. वायझर यांना अभिप्रेत असलेला दिसेनासा संगणक तो हाच.

पण हे साधले कशामुळे? फाटकाची उंची ठरलेली, डोक्यावर छप्पर, अखंड वीज, तारेने जोडलेला सर्व्हर, आणि अडलेच तर शेजारी उभा कर्मचारी. सगळा भोवताल यंत्राच्या सोयीने बांधलेला आहे.

याहून मजेशीर उदाहरण चहाच्या टपरीवर सापडते. फोनवरून पैसे घेण्याची सोय आली तेव्हा दुकानदाराला दर वेळी हात पुसून, फोन उघडून पैसे आले का ते पाहावे लागे. मग गल्ल्याजवळ एक लहान डबी आली आणि ती मोठ्याने रक्कम सांगू लागली. तपशीलवार पाहिले तर इथे अ‍ॅपचा एकच तुकडा, ‘पैसे जमा झाले’ हा निरोप, पडद्यावरून उचलून हवेत नेला आहे. हात चहात, डोळे गिऱ्हाइकावर, कान मात्र मोकळे. म्हणून निरोप कानाकडे वळवला. रुळवण म्हणतात ती अशी. सॉफ्टवेअर अख्खे नव्याने लिहिले नाही. त्या जागी माणसाचे कोणते इंद्रिय रिकामे आहे, एवढे पाहिले.

शेतात मात्र छप्पर नाही, तार नाही, शेजारी कर्मचारी नाही. तिथला भोवताल यंत्रासाठी कोणी बांधलेला नाही. यंत्रालाच त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. टेबलावरचे सॉफ्टवेअर चार गोष्टी मनाशी गृहीत धरून चालते. जागा महत्त्वाची नाही, जोडणी अखंड आहे, वापरणाऱ्याचे हात-डोळे मोकळे आहेत, आणि समोर बसलेला माणूस एकच व ठरावीक आहे. धुऱ्यावर ही चारही गृहीते एकेक करून ढासळतात.

जागा: मध्यबिंदू आणि वावर

कचेरीत बसून खसरा क्रमांक टाइप करताना तुम्ही कुठे आहात याला अर्थ नसतो. पीक पाहणीत तोच गाभा आहे. फोनमधला जीपीएस सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येणारे संदेश किती वेळात पोचले हे मोजतो आणि त्यावरून आपली जागा काढतो. उघड्या आभाळाखाली साध्या फोनची चूक साधारण पाच मीटरच्या आत राहते. दाट झाडोऱ्याखाली किंवा भिंतीजवळ संदेश अडतात, परावर्तित होतात आणि चूक वाढते. म्हणजे सोयाबीनच्या वावरात जो फोन नीट जागा सांगतो, तोच संत्र्याच्या जुन्या बागेत डळमळू शकतो.

२०२२ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश अ‍ॅपमध्ये घातले गेले. छायाचित्र घेतलेल्या जागेपासून मध्यबिंदूपर्यंतचे अंतर दिसू लागले आणि माणूस फार दूर असेल तर तसा संदेश येऊ लागला. पुढे छायाचित्र ५० मीटरच्या आतूनच घेतले पाहिजे अशी अटही आली. घरबसल्या नोंदी होऊ नयेत, हा हेतू रास्तच.

तरीही मध्यबिंदू ही भूमितीतली सोय आहे. वावर हे काही वर्तुळ नव्हे. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. ते चौकोनी असेल तर बाजू सुमारे ६४ मीटरची आणि मध्यापासून कोपरा ४५ मीटरवर. तेच एकर २० मीटर रुंदीच्या लांब पट्ट्यात असेल तर लांबी २०० मीटरवर जाते आणि मध्यापासून टोक १०० मीटर दूर राहते. दोन्ही शेतकरी आपापल्या वावरातच उभे आहेत. पण मध्यापासून अंतर मोजणाऱ्या गणिताला दुसरा बाहेरचा वाटू शकतो. वाटण्यांचे प्रकरण आणखी नाजूक. तोंडी वाटणीने एकाच गटाचे तीन भावांत तीन भाग झाले, नकाशावर मात्र गट एकच राहिला, तर मध्यबिंदू मधल्या भावाच्या वावरात पडतो. नकाशा आणि कसवणूक यांतले हे अंतर फोनने निर्माण केलेले नाही. ते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. कागदावर ते खपून जात असे. फोन ते मीटरमध्ये मोजून समोर ठेवतो. यावर उपाय म्हणजे एका बिंदूऐवजी पूर्ण सीमा वापरणे, आणि त्यासाठी गावनकाशे पृथ्वीच्या अक्षांश-रेखांशांवर बसवावे लागतात. शंकू-साखळीने मोजलेल्या जुन्या नकाशांच्या बाबतीत हे काम चिकाटीचे आहे.

जोडणी: रेंज गेली तरी काम चालावे

धुऱ्यावर रेंज असेलच असे नाही. या अडचणीवरचा मूळ विचार फोन येण्याच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तो करणारा माणूस मद्रासच्या आयआयटीत शिकलेला आहे. महादेव सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘कोडा’ नावाची फाइल-व्यवस्था रचली. तिच्यात तुटलेल्या जोडणीतही काम कसे चालू ठेवावे याची पद्धत होती. जेम्स किस्लर आणि सत्यनारायणन यांनी १९९२ मध्ये ती सविस्तर प्रसिद्ध केली. पद्धत तीन पावलांची. जोडणी असते तेव्हा लागणाऱ्या फायली आधीच जवळ साठवून ठेवायच्या. जोडणी तुटली की त्या साठ्यावर काम करायचे. जोडणी परतली की केलेले बदल मूळ ठिकाणी नेऊन जुळवायचे. पावसाळ्यात गाव तुटणार हे जाणून आधीच किराणा भरून ठेवणाऱ्या घराला ही पद्धत वेगळी समजावून सांगायला नको.

ई-पीक पाहणीत या तीनही पावलांचे ठसे दिसतात. नोंदणी करताना इंटरनेट लागते. तेव्हा खाते आणि गटांची माहिती फोनमध्ये उतरते. वावरात रेंज नसली तरी पीक आणि छायाचित्र नोंदवून ठेवता येते. गावात आल्यावर ते पाठवायचे. कल्पना योग्यच; पण तिसरे पाऊल नेहमीच सर्वांत अवघड असते. शेवटच्या तारखेला शेकडो गावांतले फोन एकाच वेळी साठवलेले ओझे उतरवायला येतात, आणि सर्व्हर धापा टाकू लागतो. मुदतवाढ देण्याची वेळ एकाहून अधिक हंगामांत आली, तिचे एक कारण या गर्दीत आहे.

सत्यनारायणन यांच्या गटाने १९९७ मध्ये ‘ओडिसी’ या प्रकल्पातून पुढची गोष्ट सांगितली. साधने कमी पडली की सॉफ्टवेअरने थांबू नये, दर्जा कमी करावा. चित्रफीत खरखरीत दाखवावी, पण दाखवावी. त्यांनी यासाठी चित्रफीत दाखवणारा, वेबपाने उघडणारा आणि बोलणे ओळखणारा असे नेहमीचेच कार्यक्रम घेऊन त्यांना परिस्थितीप्रमाणे कमी-जास्त करायला शिकवले. पीक पाहणीला हाच नियम लावून पाहता येईल. खसरा, पीक, क्षेत्र, तारीख ही माहिती म्हणजे काहीशे अक्षरे. छायाचित्र त्याच्या हजारपट जड. अशक्त रेंजमध्ये आधी अक्षरे पोचवावीत, पोच द्यावी आणि छायाचित्र सावकाश मागून येऊ द्यावे. आणि मुदत मोजताना नोंद केल्याची वेळ धरावी, पोचल्याची नव्हे. टपालात पत्रावर शिक्का पडलेली तारीख धरतात तशी. नाहीतर टॉवर बंद पडल्याचा दंड शेतकरी भरतो.

हात, डोळे आणि माणूस

खरिपाची पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरात होते, म्हणजे ऐन पावसात. आजच्या फोनचा पडदा बोटाच्या स्पर्शाने होणारा विजेचा सूक्ष्म बदल ओळखतो. पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो, त्यामुळे ओल्या पडद्याला बोट आणि थेंब यांत फरक करणे जड जाते. पाऊस उघडला तर ऊन. उन्हात पडदा आरशासारखा चमकतो. हाताला चिखल, मध्ये कंबरभर पीक, पायाखाली सरी. अशा जागी बारीक अक्षरांची लांब यादी सरकवत पीक शोधणे म्हणजे टेबलावरची सवय शेतावर लादणे. त्या गटात गेल्या हंगामी काय होते, या तालुक्यात कोणती पिके येतात, हे सॉफ्टवेअरला ठाऊक असते. पऱ्हाटी, सोयाबीन, तूर, संत्रा आधी आणि बाकीची यादी नंतर, एवढ्यानेही निम्मे काम हलके होते. परिसरभानाचा हा खरा उपयोग: माहीत असलेले माणसाला पुन्हा विचारू नये.

चौथे गृहीत माणसाचे. इथे वायझर यांचा तिसरा टप्पा चक्क उलटा होतो. एका माणसाभोवती अनेक यंत्रे, असे त्यांनी मांडले होते; शिवारात एका यंत्राभोवती अनेक माणसे असतात. साधा फोन बाळगणारे म्हातारे काका, फोनच नसलेली विधवा, शहरात कामाला गेलेला भाऊ, या सर्वांची नोंद वस्तीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलाच्या फोनवरून होते. अ‍ॅप रचणाऱ्यांनी हे ओळखले होते, ही जमेची बाजू. एका फोनवरून सुरुवातीला २० आणि पुढे ५० खातेदारांची नोंद करण्याची सोय त्यांनी दिली. बाहेरच्या देशांत फोन म्हणजे माणसाची खासगी ओळख. इथे तो विहिरीवरच्या मोटेसारखा वाटून वापरायचा आहे, याची जाण त्या आकड्यात आहे. याखेरीज ज्या गटांची नोंद शेतकऱ्यांकडून राहून जाते, त्यांच्यासाठी गावपातळीवर सहायकही नेमले जाऊ लागले.

सहायक हा शब्द इथे थांबून वाचावा. सॉफ्टवेअर ज्या अंतरापर्यंत पोचू शकले नाही ते अंतर माणसाने चालून भरून काढायचे, असा त्याचा अर्थ होतो. तांत्रिक लेखनात असा माणूस फारसा दिसत नाही, पण सर्वव्यापी संगणन ज्या ज्या ठिकाणी रुजले त्या त्या ठिकाणी तो आहे. मेट्रोच्या फाटकाशेजारीही तो आहेच.

पीक मोठे, चौकट लहान

आणखी एक गोष्ट पडद्याच्या आकारात मावत नाही, ती म्हणजे शेत. विदर्भात पऱ्हाटीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ पेरण्याची पद्धत जुनी आहे. कापसाने पाठ फिरवली तर तूर हात देते. सॉफ्टवेअरला मात्र ‘या क्षेत्रात पीक कोणते’ याचे एकच उत्तर हवे असते. सुधारित आवृत्तीत मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिके नोंदवण्याची सोय झाली. कायम पड जमीन आणि बांधावरची झाडे यांसाठीही वेगळे रकाने आहेत. ही प्रगतीच, पण ओळींचे क्षेत्रात रूपांतर करण्याचे गणित शेतकऱ्यालाच करावे लागते. इतक्या ओळी कापूस, एवढ्या तूर, हे तो सहज सांगेल. त्यावरून हेक्टर-आर काढणे यंत्राला सोपे आहे. प्रश्न शेतकऱ्याच्या मापात विचारावा आणि उत्तर कचेरीच्या मापात साठवावे, एवढे सौजन्य सॉफ्टवेअरकडून अपेक्षिणे गैर नाही.

सोबती की पहारेकरी

आता त्या केंब्रिजच्या बिल्ल्याच्या दोन बाजूंकडे परत येता येईल. वायझर आणि त्यांच्या पिढीने जागेचे भान मागितले ते मदतीसाठी: तुम्ही स्वयंपाकघरात आहात, फोन तिथे वाजवतो. पीक पाहणीत तेच भान पुरावा म्हणून वापरले जाते: तुम्ही वावरात असाल तरच तुमचे म्हणणे मानतो. सॉफ्टवेअर सोबती होता होता पहारेकरी होते. पहारेकरी असू नये असे कोणी म्हणणार नाही, कारण खोट्या नोंदीही होतात. पण मदतनिसाची चूक झाली तर थोडी गैरसोय होते. पहारेकऱ्याची चूक झाली तर खरा माणूस खोटा ठरतो.

आणि या नोंदीवर बरेच काही टांगलेले आहे. हमीभावाने माल घालायचा तर सातबाऱ्यावरचा पीकपेरा लागतो. पीक विम्याच्या अर्जातले पीक आणि पाहणीतले पीक यांत तफावत निघाली तर पाहणीतले ग्राह्य, असा नियम झाला. अतिवृष्टीच्या पंचनाम्यात, बँकेच्या कर्जात हीच नोंद बोलते. २०२३ च्या खरिपात कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्यांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याचे सरकारने ठरवले, तेव्हा आधी ई-पीक पाहणीची नोंद ही अट होती. पीक घेतले पण अ‍ॅपवर नोंद नाही, असे शेतकरी त्यामुळे बाहेर राहिले. ओरड झाली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये अट शिथिल करून सातबाऱ्यावर त्या पिकांची नोंद असलेल्यांनाही पात्र धरण्यात आले. त्या निर्णयाचे राजकारण बाजूला ठेवले, तरी त्यात संगणनाचा एक धडा आहे. ‘अ‍ॅपवर नोंद नाही’ आणि ‘पीक नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. टेबलावर बसून ती एकसारखी दिसतात. धुऱ्यावर उभे राहिले की त्यांच्यातले अंतर दिसते: रेंज, पाऊस, मध्यबिंदू, जुना फोन, न कळलेली तारीख, हे सगळे त्या अंतरात मावते.

म्हणून रुळवणीचा खरा कस पडद्याच्या आखणीत लागत नाही. यंत्राला शंका आली की ते काय करते, यात लागतो. आज बहुतेक सॉफ्टवेअरला दोनच गोष्टी येतात, स्वीकारणे आणि नाकारणे. शेताला तिसरी हवी: घेणे आणि शंका टिपून ठेवणे. जागा ८० मीटर चुकलेली दिसते ना, मग नोंद घ्या, तिच्यापुढे खूण करा आणि माणसाला पाहू द्या. यासाठी नवे यंत्र लागत नाही. शेतकऱ्यांनी केलेली नोंद स्वयंप्रमाणित मानायची आणि त्यांतल्या किमान १० टक्के नोंदी पटवाऱ्याने पडताळायच्या, ही तरतूद २०२२ च्या सुधारणेतच आहे. नोंद केल्यावर ४८ तासांत एकदा ती दुरुस्त करण्याची सोयही आहे. पडताळणीचे ते १० टक्के चिठ्ठी काढल्यासारखे निवडण्याऐवजी काही भाग खूण केलेल्या नोंदींसाठी राखला, तर खोटे पकडण्याची शक्यता वाढते आणि खरा माणूस धुऱ्यावरून परत पाठवला जात नाही. पटवाऱ्याची जुनी शिवारफेरी अशाने नव्या रूपात जिवंत राहते: सगळी वावरे पाहणे त्याला जमत नव्हते, पण जिथे संशय आहे ती पाहणे जमेल.

दुसरी गरज पोचपावतीची. पूर्वी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून मिळे. तो कागद ट्रंकेत ठेवला की माणूस निश्चिंत होई. फोनवर ‘यशस्वी’ असा शब्द चमकतो आणि जातो. नोंद फोनमध्येच आहे, वाटेत आहे की सर्व्हरवर पोचली, हे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत आणि केव्हाही कळले पाहिजे. शक्य तर साध्या संदेशाने, म्हणजे साध्या फोनवरही. त्यात तारीख, खसरा, पीक आणि क्षेत्र असावे. भांडायची वेळ आली तर हातात काहीतरी असावे, ही अपेक्षा कागदाच्या काळात जितकी योग्य होती तितकीच आजही आहे.

२०२४ पासून राज्यात ही पाहणी केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडली गेली आहे. उद्या उपग्रहांची चित्रे, हवामान केंद्रे, विहिरीवरच्या पंपातली यंत्रे हीही या नोंदीत भर घालतील. मग शेतकऱ्याला काही भरावेच लागणार नाही, असे स्वप्न दाखवले जाते. वायझर यांचा दिसेनासा संगणक तेव्हा शिवारात खरोखर अवतरेल. त्या दिवसाची तयारी म्हणून एक गोष्ट आजच ठरवून ठेवणे बरे. मेट्रोचे फाटक चुकले तर समोर दिसते, उघडत नाही एवढेच. आणि शेजारी माणूस असतो. दिसेनासे झालेले यंत्र चुकले तर चूकही दिसेनाशी होते. बारा नंबरात तूर ऐवजी पड लिहिली गेली हे शेतकऱ्याला कळेल ते खरेदी केंद्राच्या खिडकीवर, दाणे पोत्यात भरून झाल्यावर.

तेव्हा यंत्राने शिवारात जरूर विरघळावे. पण त्याने माझ्या वावराबद्दल काय लिहिले, ते मला वाचता आले पाहिजे. ते चुकले असेल तर मी सांगितल्यावर थांबून ऐकणारे कोणीतरी असले पाहिजे. पटवारी वेळेवर येत नसे, ही जुनी तक्रार खरी होती. तो आला म्हणजे मात्र त्याला धुऱ्यावर उभे करून ‘साहेब, ही तूर आहे, पाहा’ असे म्हणता येत होते. नव्या व्यवस्थेची गती ठेवून तेवढी मुभा टिकवणे, हे हिंगण्याच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांपुढचे आजचे अभियांत्रिकीचे काम आहे. आणि त्यासाठी लागणारी प्रयोगशाळा त्यांच्या वर्गापासून दुचाकीने फार दूर नाही.